मिलिंदची न झालेली बदली

मिलिंद गेल्याचं मला आदिलाबादच्या भाजीबाजारात कळलं. आमच्या बँकेतले जुने शिपाई सलीमभाई स्कूटरवरून चालले होते. मला पाहून त्यांनी ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला आणि म्हणाले, "मालूम हुआ क्या? अपना मिलिंद गया. सुबह सुबह, नार्नूर में, घर पेच." मी म्हणालो, "कैसे?" ते म्हणाले, "बैठे बैठे. चाय का गिलास हाथ में था बोलते." मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिला आणि त्यांना पुढं जावं लागलं. मी तिथंच उभा राहिलो. समोर वांग्यांचा ढीग होता आणि विकणारी बाई तेलुगूत काहीतरी विचारत होती. मी वांगी घेतली. निवडून घेतली, किडकी बाजूला काढली, भाव करून घेतली... घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि बायकोनं तोंडाकडे बघून विचारलं, काय झालं? तेव्हा कुठं मला रडू आलं. पण आता लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. सलीमभाईंची स्कूटर हलली त्या क्षणी मला दुःख झालं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. एक गोष्ट त्याला सांगायची बरीच वर्षं राहिली होती आणि आता ती सांगावी लागणार नव्हती. ही सुटका दुपारच्या जेवणापर्यंतही टिकली नाही.

मिलिंद आणि मी एका सहकारी बँकेच्या आदिलाबाद शाखेत बरोबरच कारकून म्हणून लागलो. तो नार्नूरकडचा, बौद्ध घरातला. मी बेल्याकडचा, कास्तकाराच्या घरातला. त्याच्या वडलांनी आणि आजोबांनी आमच्यासारख्यांच्या वावरात सालदारकी केली होती, एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत बांधलेली. त्यावर विनोद करायचा तो मिलिंदच. डबा उघडला की माझ्या भाजीत पहिला घास त्याचा. "माह्या बापानं तुमच्या वावरात साल घातलं, आता मी तुह्या डब्ब्यावर घालून राह्यलो," म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. मला कानकोंडं व्हायचं, ते त्याला बरोबर कळायचं, आणि मग तो आणखी हसायचा. साधाभोळा वगैरे तो अजिबात नव्हता. कपड्याला इस्त्री कडक, खिशाला पेन दोन, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल त्याला मुळीच संकोच नव्हता.

बँकेत कॉम्प्युटर आले ते आत्तासारखे प्रत्येकाच्या टेबलावर वेगळे नव्हते. मागच्या काचेच्या खोलीत एकच यंत्र, युनिक्सवर चालणारं. त्यातून निघालेल्या वायरी भिंतीच्या कडेकडेनं काउंटरांपर्यंत यायच्या आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक टर्मिनल, म्हणजे हिरव्या अक्षरांचा पडदा आणि एक कीबोर्ड. पडद्याला स्वतःची अक्कल नाही, सगळी अक्कल आतल्या खोलीत. सकाळी नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की माणूस कामाला मोकळा. पण आठवड्यातून दोनदा तरी एखादा पडदा मुका व्हायचा. कितीही बटणं बडवा, लॉगिन हा शब्दसुद्धा उमटायचा नाही. समोर पासबुकं घेऊन माणसं उभी, कापसाचे दिवस असले तर रांग पार रस्त्यापर्यंत, आणि काउंटरवरचा कारकून त्या पडद्याला चापट्या मारतोय...

हैदराबादच्या प्रशिक्षणाला आम्ही दोघंही गेलो होतो. एका बाकावर बसलो, एकच धडे ऐकले. पडदा मुका का होतो याची कारणं फार नव्हती. कधी वायर उंदरानं कुरतडलेली असायची. कधी कुणी लॉगआउट न करता नुसतं टर्मिनलचं बटण बंद करून घरी गेलेला असायचा. मग माणूस घरी आणि त्याचं काम मात्र आत तसंच चालू, दार अडवून बसलेलं. ते आतल्या यंत्रावरून मारलं, म्हणजे बंद पाडलं, की पडद्यावर लॉगिन आपोआप परत यायचं. एकदा कॅशियरनं स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत टाकलं, तर यंत्र दिवसभर त्याच्याशी मोठ्या अक्षरांतच बोलत राहिलं. मिलिंद त्याला म्हणाला, "तुमी वरडले, मनून ते वरडते. उद्या अंमळ हळू बोला." आणि सगळ्यांत क्षुल्लक कारण हे: कंट्रोल आणि एस ही दोन बटणं चुकून एकदम दाबली गेली की पडदा जागच्या जागी गोठायचा. टर्मिनल बंद करून चालू केलं तरी सुटायचा नाही, कारण थांबलेलं असायचं ते आत. कंट्रोल आणि क्यू दाबलं की झालं, अडलेली अक्षरं भडाभडा खाली यायची. यात हुशारी कसली नव्हती. माहीत असणं तेवढं लागायचं. आणि मला ते सगळं माहीत होतं, मिलिंदइतकंच.

पण मी ते कुणाला कळू दिलं नाही. ज्यांनी ऑफिसात आयुष्य काढलंय त्यांना सांगायला नको, ज्याला काम येतं त्याच्याच गळ्यात काम पडतं. पहिल्या महिन्यात रविवारी कुणीतरी मिलिंदला जेवणावरून उठवून नेलं. ते पाहिलं आणि ठरवलं, आपल्याला येत नाही. विचारलं की मी हात झटकायचो, "मले नाही बावा समजत त्यातलं, मिलिंदले बोलवा." मिलिंद यायचा, मला सगळ्यांदेखत म्हणायचा, "हैदराबादले काय बिर्याणी खायले गेलता बे?" सगळे हसायचे, मीही हसायचो. त्याला बोलावलं जाणं आवडायचं आणि मला न बोलावलं जाणं. दोघांचंही बरं चाललं होतं.

मग त्याचं लग्न झालं. सुजातावहिनी नार्नूर मंडलातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका. त्यांना आदिलाबादची बदली मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मिलिंद इथं भाड्याच्या खोलीत आणि त्या तिकडं. शनिवारी संध्याकाळच्या बसनं तो जायचा, सोमवारी पहाटेच्या बसनं यायचा. प्रज्ञा झाली, रांगायला लागली, चालायला लागली, हे त्यानं सगळं शनिवार-रविवारी पाहिलं. एका सोमवारी डबा उघडून नुसता बसून होता. म्हणालो, काय झालं? म्हणाला, "पोरगी मले पाहून मायच्या मांगं लपली. पाव्हना आला म्हने." तेव्हा तो हसला नाही.

आमच्या बँकेची उटनूरला शाखा होती. उटनूरहून नार्नूर जवळ, रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. तिथली जागा रिकामी झाली तेव्हा मिलिंदनं बदली मागितली. आमचे मॅनेजर सार तेलुगू माणूस, मनानं वाईट नव्हते, पण शाखा बंद पडायची त्यांना धास्ती. त्यांनी मला आत बोलावलं. "दिगांबर, मिलिंद गया तो ये डब्बे तुम चलाएगा?" मी म्हणालो, "सार, मेरेकु उतना नहीं आता." त्यांनी विचार केला आणि तोड काढली. मिलिंदला आठवडाभर रजेवर पाठवायचं. तेवढ्यात शाखा सुरळीत चालली तर बदली पक्की, नाही तर विषय बंद. मिलिंद खूश. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आठ दिवस बिर्याणी आठव, दिगूभाऊ. तुह्या हातात हाय माहा संसार."

पहिले दिवस छान गेले. मंगळवारी कॅशियरचा पडदा मुका झाला. तो जेवायला उठलेला होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी सहज आत गेलो, अडलेलं काम मारलं, लॉगिन आलं, जागेवर येऊन बसलो. हातानं केलं, डोक्याला विचारलंही नाही. आणि बसल्यावर लक्षात आलं... हे असंच चाललं तर शुक्रवारी मिलिंद मोकळा होणार आणि त्याच्या जागी मी बांधला जाणार. रविवारी जेवणावरून मला उठवणार. माझी रजा नाही, माझी बदली नाही, माझ्या गावाकडची वाट बंद. आणि डब्याला समोर कुणी नाही. यातलं कुठलं कारण मोठं होतं ते मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. मैत्रीपोटी केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मैत्री होती, पण तेव्हा ती मला फक्त त्याला अडकवण्यापुरतीच उपयोगी पडली.

गुरुवारी जेवणाच्या सुटीत, हॉल रिकामा असताना, मी काउंटरांवरून फिरलो आणि तीन टर्मिनलांवर ती दोन बटणं दाबली. एवढंच. अडीच वाजता हाकाटी झाली. कापसाचे दिवस होते, रांग दाराबाहेर. कारकून पडद्यांना चापट्या मारत होते. सार बाहेर आले, "येमैंदि? क्या हुआ?" मी आतल्या खोलीत जाऊन उगाच बटणं बडवली, बाहेर आलो आणि मान हलवली. सारांनी नार्नूरला वहिनींच्या शाळेशेजारच्या दुकानात फोन लावला.

मिलिंद दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. शर्टाच्या बाहीला काळं वंगण लागलेलं. "प्रज्ञाले सायकल शिकवून राह्यलो होतो," मला म्हणाला, "आज हात सोडाचा दिवस होता." मग पहिल्या पडद्यापुढं बसला. एकदा एंटर दाबलं, क्षणभर थांबला, आणि डाव्या हातानं ती दोन बटणं दाबली. अक्षरं भडाभडा खाली आली. रांगेतली माणसं "हां!" म्हणाली. दुसऱ्या पडद्याशी गेला, तेच. तिसऱ्याशी बसला आणि कीबोर्डवर हात ठेवून तसाच राहिला. एका कारकुनाकडून चुकून दाबलं जाऊ शकतं. तिघांकडून एकाच दुपारी नाही. त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एका म्हाताऱ्याच्या पासबुकात काहीतरी शोधत होतो. मागून सारांनी विचारलं, "क्या था मिलिंद?" एका वाक्याचं काम होतं. सार, दोन बटणं आहेत, शेंबड्या पोराला येतील, आणि दिगांबरनं ती मुद्दाम दाबली आहेत. तो म्हणाला, "अंदर का कार्ड गरम हो गया था सार. नाजूक काम है." सार म्हणाले, "देखा? तेरेकु कैसा छोडूं मैं?"

हे खोटं बोलून त्यानं माझी नोकरी वाचवली आणि स्वतःची बदली घालवली, हे मला त्याच जागी, त्याच क्षणी कळलं होतं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "दिगूभाऊ, तुले खरंच काई समजलं नाही?" मी म्हणालो, "नाही बावा." तो म्हणाला, "बरं." आणि चहा पिऊन उठला.

त्यानंतर आम्ही डबा रोज एकत्रच खाल्ला. तो माझ्या भाजीतला घासही घ्यायचा. पण सालदाराचा विनोद त्यानं परत कधी केला नाही. आणि माझी वेगळीच कोंडी झाली. एकदा येत नाही म्हटलं की ते निभवावं लागतं. शेजारचा पडदा गोठायचा, कारण मला दिसत असायचं, हात शिवशिवायचे, आणि मी मांडीखाली हात दाबून मिलिंद येईपर्यंत बसायचो. येत असलेलं काम न येण्याचं सोंग वर्षानुवर्षं करणं काय असतं... ते कामापेक्षा जड असतं. तो यायचा, माझ्याकडे न बघता बटणं दाबायचा. सहामाही हिशेब असले की सार त्याला शनिवारीही सोडायचे नाहीत. नार्नूरची शेवटची बस बँकेसमोरून जायची. ती गेली की तो खिडकीतून एकदा बाहेर बघायचा आणि परत काउंटरकडे वळायचा. पुढं मॅनेजर बदलले तरी नव्याला जुना तेच सांगून जायचा, मिलिंदला सोडू नका. मी प्रत्येक वेळी सांगू शकलो असतो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं ते आधी सांगावं लागेल. दर वर्षी ते आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं.

शेवटी नवी पद्धत आली, टर्मिनलं भंगारवाल्याच्या ऑटोत गेली, मिलिंदची कुणाला गरज उरली नाही आणि त्याची बदली उटनूरला झाली. त्याच पावसाळ्यात प्रज्ञाला बासरच्या विद्यापीठात जागा मिळाली आणि ती होस्टेलला गेली. निरोपाच्या चहाला तो म्हणाला, "घरात आता मी आन् सुजाता, दोघंच. लगन आता लागलं आमचं." सगळे हसले. मी त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून लवकर घरी गेलो.

मिलिंद वारल्यावर काही दिवसांनी नार्नूरला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. जुना सहकारी म्हणून मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मिलिंदशिवाय आमची शाखा एक दिवस चालू शकत नव्हती. माना हलल्या. मी खाली बसलो. मग प्रज्ञा जवळ आली. आता ती हैदराबादला नोकरी करते. म्हणाली, "बरोबर बोलले काका तुमी. बाबाला बँकच प्यारी होती. आमच्यापेक्षा." तिच्या आवाजात राग नव्हता. ते तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं, वडलांचा रक्तगट सांगावा तसं.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. वहिनी एकट्याच होत्या, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उभ्यानंच, धड ओळीनंसुद्धा नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले माईत हाय."

"कवापासून?"

"त्याच दिसापासून. परत आला तवाच सांगतलं त्यानं. म्हने, दिग्या भेला. त्याले बोलू दे, तोच बोलन."

मधल्या काळात मी त्या घरी कितीदा जेवलो होतो. ज्वारीच्या गरम भाकरी, त्यांच्याच हातच्या.

"बदली झाल्यावर दर रविवारी फोन लावायचा ना तुमाले?" त्या म्हणाल्या. "सारं बोलणं झालं का शेवटी काय इचारायचा?"

"आनखी काय, म्हनायचा."

"आन् तुमी?"

"काई नाही, म्हनायचो."

"अन् मंग तो गप बसायचा घटकाभर. फोन ठेवायचा नाही. मी समोर बसून पाहत राहू. ठेवला का मले म्हने, आजबी नाही." त्यांनी पातेलं खाली उतरवलं. "मी रागं भरू. म्हनू का, तूच सांगून टाक ना पोरीले, तिच्या मनात तुह्याबद्दल काय हाय ते पाह्यत नाही का? तं म्हने, तिच्या नजरेतून दिग्या उतरन. आन् हा सोताच उतरला त्याचं काई नाही."

"मी सांगतो प्रज्ञाले," मी म्हणालो.

"सांगा. मी नाही सांगणार, मी त्याले शबुद देल्ला. आन् लोकायसमोर बोलले ना आत्ता, मंग लोकायलेबी सांगा."

मला तेव्हाही बाहेर जाऊन प्रज्ञाशी बोलता आलं नाही. पुढच्या रविवारी दुपारी तिला फोन केला. कामाचं विचारलं, आईचं विचारलं, बँकेतले वडलांचे राहिलेले कागद कसे करायचे ते सांगितलं. सगळं बोलून झालं. मग ती म्हणाली, "आनखी काय, काका?" अगदी त्याच चालीत. मी म्हणालो, "हाय. सांगाचं हाय." आणि सांगितलं. तुझा बाप घरी यायला निघाला होता, मी अडवला. बँक त्याला प्यारी नव्हती. तीन पडदे मी गोठवले आणि ते त्यानं झाकून घेतलं.

तिच्याकडे मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, "होतं."

तिनं फोन ठेवला.

वहिनींनी नंतर कळवलं, पोरगी त्यांच्याशीही धड बोलत नाही. दुसरं काही म्हणाल्या नाहीत. म्हणजे जे वितुष्ट मिलिंदनं इतकी वर्षं त्या घरात येऊ दिलं नव्हतं, ते मी खरं बोलून नेऊन ठेवलं. तरी सांगायला नको होतं असं मला म्हणता येत नाही. तिला तिचा बाप परत द्यायचा होता आणि तो देण्याची दुसरी वाट मी शिल्लकच ठेवलेली नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं झाली की मिलिंदचा फोन यायची वेळ होते. मी फोन उशाशी घेऊन पडतो. आता त्यावर नार्नूरचा किंवा हैदराबादचा, कुठलाच नंबर उमटत नाही. बायको म्हणते, "झोपा तरी थोडं, काऊन जागून राह्यले?" मी डोळे मिटतो. तो फोनच्या पलीकडे गप्प बसून असायचा, मागं त्याच्या अंगणातली कोंबडी ओरडायची, आणि मला वाटायचं नार्नूरला रेंज नाही. मी दोनदा "हॅलो, हॅलो" करायचो आणि ठेवून द्यायचो.